असे छप्पन पाहिले: ‘मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम २’ आज खेळायला बसलं तर

हा व्हिडिओ गेम पहिल्यांदा बघणाऱ्याला पाच मिनिटं काहीच कळत नाही. पडद्यावर दोघांची मारामारी चालू असते, मध्येच तिसरा कुठून तरी उडी मारून येतो, एक फटका देऊन निघून जातो. सेंटिनल नावाचा जांभळा यंत्रमानव मारबतीच्या मिरवणुकीतल्या बडग्याएवढा धिप्पाड, त्याच्यासमोर चिमुकली माकडीण सोनसोन. कोपऱ्यात फटक्यांचा आकडा रिक्षाच्या मीटरसारखा पळतो आणि मागे लग्नाच्या हॉलमध्ये पाहुणे यायच्या आधी वाजावं तसं निवांत जॅझ वाजत असतं. नुसती बटणं बडवताहेत, असं वाटणं साहजिक आहे. पण यातली प्रत्येक गोष्ट हिशेबाची आहे, आणि तो हिशेब एकदा समजला की पंचवीस वर्षांपूर्वीचा हा खेळ आजही लोक का सोडत नाहीत ते कळतं.

कॅपकॉम या जपानी कंपनीने २००० साली हा काढला. त्याआधी १९९४ मध्ये ‘एक्स-मेन: चिल्ड्रन ऑफ द अ‍ॅटम’, १९९५ मध्ये ‘मार्व्हल सुपर हीरोज’, मग ‘स्ट्रीट फायटर’वाल्यांशी झुंजीचे दोन खेळ आणि १९९८ मध्ये पहिला ‘मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम’ असा क्रम होता. (पार्लरमध्ये ‘मुस्तफा’ म्हणून चिल्लर खाणारा तो डायनासोरवाला खेळही १९९३ चा, याच कंपनीचा.) आधीच्या जोडीच्या खेळांत दोघांविरुद्ध दोघे असत, इथे तिघांविरुद्ध तिघे. पात्रं एकूण ५६: २८ मार्व्हलची, २८ कॅपकॉमची. मराठीत ‘असे छप्पन पाहिले’ म्हणतात ते या खेळाला अक्षरशः लागू पडतं, आणि त्यातला तिरकसपणाही लागू पडतो. का, ते पुढे येईलच.

चित्रांपासून सुरुवात करू, कारण आज पहिल्या नजरेला खटकतं ते तेच. आधीचे खेळ पार्लरच्या यंत्रातल्या कॅपकॉमच्या सीपीएस-२ या सर्किट बोर्डावर चालत. त्याचा पडदा ३८४ बाय २२४ ठिपक्यांचा. हा खेळ सेगाच्या नाओमी बोर्डावर आला, ६४० बाय ४८० चा. बोर्ड बदलला, पण बरीचशी पात्रं मात्र जुन्या चित्रांचीच ठेवली. वुल्व्हरिन, सायक्लॉप्स, स्टॉर्म, सायलॉक, मॅग्नेटो, सेंटिनल हे सगळे १९९४ च्या चित्रांवरून आलेले. मागची दृश्यं मात्र नवी, त्रिमितीय. त्यामुळे गुळगुळीत मैदानावर खरखरीत माणसं चिकटवल्यासारखी दिसतात. ५५ इंची टीव्हीवर हा विजोडपणा चांगलाच जाणवतो. जुन्या काचेच्या टीव्हीवर ठिपक्यांच्या कडा थोड्या विरघळत, म्हणून तेव्हा तो खपून गेला. नव्या आवृत्तीत त्या टीव्हीसारखा आडव्या रेघांचा फिल्टर आहे. तो लावला तर चित्रं पुन्हा एका घरातली दिसू लागतात. चित्रं हाताने काढलेली असल्यामुळे हालचालींतला जोम मात्र टिकून आहे. त्याच काळातल्या त्रिमितीय खेळांचे चेहरे आज पाहवत नाहीत, इथे मॅग्नेटोची टोपी अजून रुबाबदार दिसते.

सहा बटणं आणि पाच कप्पे

बटणं सहा. हलका पंच, हलकी किक, जोरदार पंच, जोरदार किक आणि दोन मदतनिसांसाठी दोन. आधीच्या खेळांत मधला पंच आणि मधली किक यांना वेगळी बटणं होती. इथे हलकं बटण साखळीत दुसऱ्यांदा दाबलं की मधला फटका निघतो. नवख्यांचं इथेच चुकतं. ते हलका पंच तीनदा दाबतात आणि साखळी तुटली म्हणून वैतागतात. क्रम हलका पंच, हलकी किक, पुन्हा हलका पंच, पुन्हा हलकी किक असा घेतला तर चार वेगवेगळे फटके सलग लागतात.

प्रत्येक पात्राचा एक ‘लाँचर’ फटका असतो, तो समोरच्याला हवेत उडवतो. तो लागल्याबरोबर वरची दिशा दाबली की तुमचं पात्र उंच उडी घेऊन त्याच्यामागे जातं आणि वर ती चार फटक्यांची साखळी चालते. लाँचर कुठल्या बटणावर आहे ते पात्रागणिक बदलतं, म्हणून नवं पात्र घेतलं की सरावाच्या मोडमध्ये सर्वांत आधी तेच शोधायचं.

खाली शक्तीची पट्टी असते, तिचे पाच कप्पे. फटका मारला, खाल्ला, अडवला, काहीही केलं तरी ती भरत जाते. महाअस्त्र, म्हणजे हायपर कॉम्बो, साधारण एक कप्पा खातो. बहुतेक महाअस्त्रांची खूण एकच: खाली, तिरकं खाली-पुढे, पुढे, आणि दोन्ही पंच एकत्र. इथे दोन चुका होतात. दांडी पुढे पोहोचण्याआधीच पंच दाबला जातो आणि महाअस्त्राऐवजी साधा ठोसा निघतो. किंवा की-बोर्डवर खालची कळ सोडून मग पुढची दाबली जाते, त्यामुळे मधली तिरकी दिशा यंत्राला दिसतच नाही. उपाय म्हणजे खालची कळ दाबून ठेवायची, पुढची दाबायची, मग खालची सोडायची. क्षणभर दोन्ही दाबलेल्या असल्या पाहिजेत.

खेळाचा खरा जीव मदतनिसांत आहे. मदतीचं बटण दाबलं की मागचा गडी उडी मारून येतो, ठरलेला एक फटका देतो आणि निघून जातो. तो फटका कोणता, हे पात्र निवडतानाच ठरवायचं: अल्फा, बीटा किंवा गॅमा. इथे घाईने कुठलंही दाबलं तर अर्धा डाव तिथेच जातो. सायलॉक आणि सायक्लॉप्स अल्फावर घेतले तर उडी मारून येणाऱ्याला खालून वर फटका देतात, म्हणजे तुमच्या डोक्यावर छत्री धरल्यासारखं. सेंटिनल गॅमावर घेतला तर जमिनीलगत ड्रोन सोडतो, आणि समोरचा ते अडवण्यात गुंतला की तुम्ही बिनधास्त पुढे सरकता. एकच माणूस दोन दिशांनी हल्ला करू शकतो, ही या खेळाची मूळ कल्पना.

मदतीलाही किंमत आहे. आलेला मदतनीस पडद्यावर असेपर्यंत मार खाऊ शकतो, आणि त्याला नेहमीपेक्षा जास्त लागतं. पुढचा आणि मदतीला आलेला दोघेही एकाच महाअस्त्रात सापडले तर जाणकार त्याला ‘हॅपी बर्थडे’ म्हणतात. केक कोणाचा ते सांगायला नको. शिवाय उंच उडीत असताना मदत बोलावता येत नाही, साध्या उडीत येते. हा एक नियम माहीत नसल्याने ‘बटण चालत नाही’ म्हणून चांगल्या पॅडला दोष देणारे पुष्कळ भेटतात.

आपला गडी बदलायचे मार्ग तीन आणि तिन्हींची जोखीम वेगळी. साधी अदलाबदल, म्हणजे दोन्ही हलकी बटणं किंवा दोन्ही जोरदार बटणं एकत्र, फुकट असते. पण येणारा फटका मारून झाल्यावर क्षणभर ऐटीत उभा राहतो, आणि तेवढ्यात समोरचा त्याला धुतो. दुसरा मार्ग, एकाचं महाअस्त्र चालू असतानाच दुसऱ्याच्या महाअस्त्राची खूण करायची. पहिला निघून जातो आणि दुसरा गरजत आत येतो. यात प्रत्येकी कप्पा जातो, पण मार बसत नाही, म्हणून अनुभवी खेळाडू कप्पे याच्यासाठी राखून ठेवतात. तिसरा मार्ग अडवताना: मागे, मागे-खाली, खाली आणि मदतीचं बटण. एका कप्प्यात मदतनीस फटका मारत येतो आणि तोच पुढचा होतो.

मागे बसलेल्याच्या रक्ताच्या पट्टीतला लाल भाग हळूहळू भरून येतो. म्हणून अर्धमेला गडी मागे बसवायचा आणि ताजा मैदानात आणायचा. आणि समोरच्याने असं केलं तर? खाली, तिरकं, पुढे आणि मदतीचं बटण: एक कप्पा खर्चून त्याचा मैदानातला गडी हाकलायचा आणि विश्रांती घेणाऱ्याला ओढून आणायचं. याला स्नॅपबॅक म्हणतात. नवशिक्यांना हा कप्पा वाया घालवल्यासारखा वाटतो. पण समोरच्याचा सर्वांत उपयोगी मदतनीस मागे सुरक्षित बसून डाव फिरवत असेल, तर त्याला बाहेर काढून संपवणं हाच बहुतेक वेळा सामन्याचा निकाल असतो.

छप्पनमधले चार

आता तो तिरकसपणा. ५६ पात्रांपैकी स्पर्धांत सतत दिसणारी डझनभरही नाहीत, आणि त्यातही चौघे बाकीच्यांना जवळही येऊ देत नाहीत: मॅग्नेटो, स्टॉर्म, सेंटिनल आणि केबल. जाणकार त्यांना ‘चार देव’ म्हणतात.

कारण ताकदीत नाही, हालचालीत आहे. या खेळात मैदान उंचीलाही मोठं आहे, आणि हवेत दिशा बदलता येणाऱ्याला जमिनीवर चालणारा गाठूच शकत नाही. स्टॉर्म हवेत वाटेल त्या दिशेला झेप घेते. एकदा थोडी आघाडी मिळाली की ती वरच्या वर पळते आणि घड्याळातली ९९ सेकंदं संपायची वाट बघते. मॅग्नेटो उडी मारल्याबरोबर तिरका खाली झेपावतो, आणि तो डोक्यावरून येतोय की पायाशी, डावीकडून की उजवीकडून, हे ओळखायला समोरच्याला जेमतेम काही फ्रेम मिळतात. खेळ सेकंदाला ६० फ्रेम दाखवतो, म्हणजे एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची. माणसाची साधी प्रतिक्रियाच २०० मिलिसेकंदांच्या आसपास, म्हणजे १२ फ्रेम. त्यामुळे मॅग्नेटोला बघून अडवता येत नाही, तो काय करेल याचा अंदाज बांधूनच अडवावं लागतं. सेंटिनल धिप्पाड, हलक्या फटक्याने डगमगत नाही, वर उडूही शकतो. केबलची गोष्ट वेगळी. त्याच्याकडे हवेतून सोडता येणारा किरण आहे. कप्पे भरलेला केबल समोर असताना तुम्ही बेसावधपणे मदतनीस बोलावला की पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत किरण येतो आणि दोघांनाही भाजून काढतो. केबलमुळे लोक मदतीचं बटण जपून दाबायला शिकले, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही.

त्यात भर अमर्याद साखळ्यांची. अलीकडच्या खेळांत साखळी लांबत गेली की फटका खाल्लेला लवकर सावरतो, म्हणजे ती कुठेतरी तुटतेच. इथे तशी सोय नाही. मॅग्नेटो किंवा आयर्न मॅन नीट चालवणारा समोरच्याला एकदा पकडून शेवटपर्यंत सोडत नाही. पार्लरच्या यंत्रात आज होतात तशा इंटरनेटवरून दुरुस्त्या होत नसत. जे विकलं गेलं तेच कायम राहिलं.

मग खेळ मोडका झाला का? आमचं मत असं की तोल ढळलेला आहे, खेळ मोडलेला नाही. चौघेही वेगवेगळ्या तऱ्हेने अन्याय करतात, त्यामुळे अन्यायाचा एकमेकांशी समतोल बसतो. मॅग्नेटो-स्टॉर्म-सायलॉक ही तिकडी वेगावर चालते. स्टॉर्म-सेंटिनल-कॅप्टन कमांडो ही पट्टी भरत आणि जमीन अडवत चालते. दोघांचा सामना म्हणजे दोन वेगळ्या विचारांची लढत असते. पण उरलेल्या चाळीसेक पात्रांचं काय? ती सजावट आहे, घरगुती मजा आहे. रोलसारखं पात्र घेऊन जाणकाराला हरवणं म्हणजे लुनाने ट्रकला ओव्हरटेक करणं. घरी मित्र जमले तर सरळ नियम करा: चौघे बाद. खेळ लगेच वेगळा आणि जास्त हसरा होतो.

२०२५ मध्ये अमेरिकेतल्या एव्हो या मोठ्या स्पर्धेच्या मुख्य खेळांत हा होता. तिथे सामने बघितलेत तर तोंडं बहुतेक ओळखीचीच दिसतील. पंचवीस वर्षांत डाव मात्र बारीक होत गेले.

पहिला आठवडा असा घालवा

केबल, सेंटिनल, कॅप्टन कमांडो ही तिकडी घ्या. तिघांचंही काम लांबून किंवा जागेवरून चालतं, बोटांची कसरत कमी लागते. केबलने गोळ्या मारत अंतर राखायचं, कॅप्टन कमांडो उडी मारणाऱ्याला खांबासारखा अडवतो, सेंटिनल ड्रोन सोडतो.

पहिले दोन दिवस सरावाच्या मोडमध्ये फक्त महाअस्त्राची खूण. दहापैकी नऊ वेळा डावीकडून आणि नऊ वेळा उजवीकडून निघाली पाहिजे. बहुतेकांची एक बाजू कच्ची असते आणि सामन्यात नेमकं त्याच बाजूला उभं राहावं लागतं. पुढचे दोन दिवस फक्त अडवणं. मार अडवताना दोन्ही पंच एकत्र दाबले की समोरचा मागे ढकलला जातो. हे ज्याला सवयीने जमतं तो हरला तरी लवकर मरत नाही. पाचव्या दिवशी मदतनीस: आधी मदत बोलवा, तो मारत असताना पुढे जा. उलट क्रमाने, म्हणजे आधी पुढे जाऊन मग बोलावलं, तर दोघेही सापडता. साखळ्या आठवड्याच्या शेवटी. लोक उलटं करतात, यूट्यूबवर बघून आधी अमर्याद साखळीच्या मागे लागतात, आणि ती सुरू करायला लागणारा पहिला फटकाच त्यांना मारता येत नाही.

बटण ते पडदा

हा खेळ ‘जुना झाला’ असं सांगणाऱ्यांपैकी निम्मे खरं तर आपल्या टीव्हीबद्दल बोलत असतात. पार्लरच्या काचेच्या पडद्यावर चित्र लगेच उमटे. आजचा टीव्ही चित्र खुलवायला ते आधी स्वतःजवळ धरून ठेवतो, आणि त्यात ५० ते १०० मिलिसेकंद सहज जातात. म्हणजे तीन ते सहा फ्रेम. मॅग्नेटो काही फ्रेममध्ये बाजू बदलतो हे आठवलं की हरण्याचं कारण कळतं. टीव्हीत ‘गेम मोड’ शोधून चालू करा आणि चित्र गुळगुळीत करणारी सोय बंद करा. नसेल तर साधा संगणकाचा मॉनिटर बरा.

मोजायचं असेल तर मोबाईलच्या स्लो-मोशनमध्ये, सेकंदाला २४० चित्रांवर, बोट आणि पडदा एकत्र टिपा. बटण पूर्ण खाली गेल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंत चित्रं मोजा आणि ४.२ ने गुणा, म्हणजे मिलिसेकंद मिळतात. एकच आकडा घेऊन काही कळणार नाही, कारण खेळ स्वतःही काही फ्रेम घेतो. गेम मोड चालू आणि बंद असताना दोनदा मोजा, फरक महत्त्वाचा.

दुसरा संशयित की-बोर्ड. नागपूरच्या बर्डी बाजारातून आणलेल्या स्वस्त की-बोर्डवर दोघे खेळत असतील तर एकाची बटणं दुसऱ्यामुळे गिळली जातात. आतली तारजोडणी आडव्या-उभ्या रेघांच्या जाळीसारखी असते. चौकोनाचे तीन कोपरे दाबले की चौथा दाबलाय की नाही हे जाळीला कळत नाही, म्हणून की-बोर्ड सुरक्षित राहायला ती कळ नाकारतो. नोटपॅड उघडा, दोन बाण दाबून धरा आणि आपापली अक्षरं दाबून बघा. एखादं उमटलं नाही की सापडला चोर. यावर उपाय एकच, दोघांना वेगवेगळे पॅड, तेही शक्यतो वायरचे. ब्लूटूथ सोयीचं असतं, पण थोडा उशीर घालतं.

दांडी-बटणांची पेटी घरी बनवणार असाल तर तीन गोष्टी. सानवा कंपनीच्या बटणांसारखी चिमटीची ३० मिलिमीटर बटणं पातळ पत्र्यासाठी असतात. १२ मिलिमीटर प्लायवर ती अडकत नाहीत, म्हणून वरची प्लेट तीनेक मिलिमीटर अ‍ॅक्रिलिकची घ्या. सानवाच्या बटणांना २.८ मिलिमीटरची टोकं लागतात. बाजारात सर्रास मिळणारी ४.८ ची ढिली बसतात आणि ऐन सामन्यात किक गायब होते. आणि पेटी एमडीएफची करू नका. एप्रिल-मेत नागपुरात घरोघरी कूलर चालू असतो, त्याच्या ओल्या झोतासमोर ठेवलेलं एमडीएफ कडेने फुगतं आणि स्क्रू धरत नाही. संगणक किंवा कन्सोलही त्या झोताच्या रेषेत नको. बाहेर ४५ अंश असताना थंड वाऱ्याचा मोह होतो, पण पंख्यातून आत जाते ती ओल, आणि पाण्याच्या थेंबांबरोबर क्षारही. खोलीत कूलर असू द्या, यंत्र कोपऱ्यात आणि मागे चार बोटं मोकळी जागा ठेवून. कूलर आणि यंत्र एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर तर अजिबात नको. मोटर सुरू होताना दाब खाली येतो आणि जुनी यंत्रं तेवढ्यानेही बंद पडतात.

झिरो माइलचा फायदा

देशाच्या मध्यावर राहण्याचा एक फायदा आहे. मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बेंगळुरू यांतलं कुठलंही शहर नागपूरहून सरळ रेषेत हजार किलोमीटरच्या आत आहे. काचेच्या तारेतून प्रकाश मिलिसेकंदाला सुमारे २०० किलोमीटर जातो, म्हणजे हजार किलोमीटरला ५ मिलिसेकंद. फ्रेमच्या एक तृतीयांशाहून कमी. मुंबईकराला कोलकात्याशी खेळताना जे अंतर सोसावं लागतं ते इथे कुणाशीच नाही. टोकियो मात्र सहा हजार किलोमीटर, तिथे नुसत्या प्रकाशालाच ३० मिलिसेकंद, जवळपास दोन फ्रेम. प्रत्यक्षात तारा वळसे घेत जातात, त्यामुळे पिंग, म्हणजे संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ, यापेक्षा पुष्कळ जास्त दिसेल.

हा उशीर झाकण्याची युक्ती म्हणजे रोलबॅक. जुनी पद्धत अशी होती की समोरच्याचं बटण इथे पोहोचेपर्यंत तुमचा खेळ थांबायचा, सगळं चिखलात चालल्यासारखं व्हायचं. रोलबॅकचं पोह्याच्या टपरीसारखं आहे. रोजचं गिऱ्हाईक दिसलं की टपरीवाला विचारत बसत नाही, पोह्यांवर तर्री टाकायला घेतो. दहापैकी नऊ दिवस बरोबर असतं. एखाद्या दिवशी ‘आज तर्री नको’ म्हणालात की प्लेट बाजूला ठेवून दुसरी भरतो. तसंच तुमचं यंत्र धरून चालतं की समोरचा मघाशी जे दाबत होता तेच आत्ताही दाबतोय. खरं बटण येऊन पोहोचलं आणि ते वेगळं निघालं, तर खेळ दोन-तीन फ्रेम मागे जातो आणि डोळ्याला कळायच्या आत पुन्हा चालवून दाखवतो. २००६ पासून टोनी कॅननच्या जीजीपीओ या सॉफ्टवेअरमुळे ही पद्धत लढाईच्या खेळांत रुजली.

अंदाज चुकला की मदतनीस आधी न दिसता एकदम अर्ध्या फटक्यात उगवतो. क्वचित झालं तर दुर्लक्ष करा. सारखं होत असेल तर दोष पिंगपेक्षा त्याच्या चढ-उतारात असतो. पिंग स्थिर ७० असलं तर खेळता येतं, ३० वरून ९० वर उड्या मारत असेल तर नाही. असं वायफायवर होतं, म्हणून राउटरपासून लॅनची वायर ओढा. आणि राउटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लावा. वीज पाच सेकंद गेली तरी राउटर पुन्हा उभा राहायला दोन-तीन मिनिटं घेतो, आणि सामना तुमच्या नावावर हार म्हणून लागतो.

कुठली आवृत्ती

आज सरळ मार्ग एकच. २०२४ च्या सप्टेंबरात आलेला ‘मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम फायटिंग कलेक्शन’. स्टीम, प्लेस्टेशन ४ आणि स्विचवर आधी, एक्सबॉक्सवर नंतर. यात या मालिकेतले सहा लढाईचे खेळ आणि सातवा १९९३ चा ‘द पनिशर’. छप्पनच्या छप्पन पात्रं सुरुवातीपासून उघडी. रोलबॅक आहे आणि सरावाच्या मोडमध्ये फटक्याची खरी हद्द चौकटीत दिसते. सेंटिनलचा हात दिसतो त्यापेक्षा किती लांब लागतो, हे त्यात एकदा बघून घ्याच. एका बटणात महाअस्त्र काढायची सोयही आहे. लहान मुलांबरोबर खेळायला ठीक, शिकायचं असेल तर बंद ठेवा.

हे आज मिळतंय हेच विशेष, कारण या खेळांची मालकी दोन कंपन्यांत विभागलेली आहे. परवाना संपला की दुकानातून गायब. २००९ मध्ये डाउनलोडने आलेली आवृत्ती २०१३ च्या डिसेंबरात काढून टाकली गेली, आणि मग पुढची दहा वर्षं हा खेळ रीतसर डाउनलोड करून घ्यायची सोयच नव्हती. घ्यायचा विचार असेल तर सेलची वाट बघा, पण वर्षानुवर्षं नको.

जुन्या यंत्राचा नाद असेल तर सेगाचा ड्रीमकास्ट हा घरगुती कन्सोल. नाओमी आणि ड्रीमकास्ट आतून सख्खी भावंडं, दोन्हींत २०० मेगाहर्ट्झचा एसएच-४ प्रोसेसर. म्हणून घरगुती आवृत्तीत पार्लरचा खेळ जवळजवळ तसाच उतरला. त्याच्या पॅडवर बटणंही नेमकी सहा. पण विकत घेताना खालचं लेबल वाचा. जपानी यंत्र १०० व्होल्टचं, अमेरिकन १२० चं. आपल्या २३० व्होल्टला सरळ लावलं तर आतला पॉवर सप्लाय पहिल्याच मिनिटाला धूर सोडतो. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतोच, युरोपच्या यंत्राला मात्र तो लागत नाही. चालू यंत्र मध्येच आपोआप रीसेट होत असेल तर घाबरून विकून टाकू नका. बहुतेक वेळा पॉवर सप्लायच्या पिना काळवंडलेल्या असतात. प्लग काढून दहा-पंधरा मिनिटं थांबा, वरचं झाकण उघडा, पॉवर सप्लायचं बोर्ड उचला, त्याखालच्या पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, बोर्ड पुन्हा घट्ट दाबून बसवा. डिस्क वाचताना अडखळत असेल तर आधी भिंगावरची धूळ काढा. तरीही अडखळली तर भिंगाची मोटर किंवा लेसर थकलेला असतो, आणि अशा यंत्राला अर्धी किंमतही देऊ नये.